सोळावर पत्ता

त्या दिवशी सकाळी आमच्या शेतात हळद शिजवणं चाललं होतं. कुकरची वाफ सुटली की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, आणि माणसांच्या गलक्यात फोनही ऐकू येत नाही. सुनेनंच तो आणून माझ्या हातात दिला. पलीकडे मनीषा होती, खिल्लारे सरांची पुतणी, नांदेडच्या दवाखान्यातून बोलत होती. "राठोड काका, आमचे काका गेले हो," एवढंच म्हणाली. सरांच्या पोटाचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी चमचाभर पाणी घेतलं आणि भिंतीवरची भेटायच्या वेळांची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली, असं हीच पोरगी मला हसून सांगत होती. मी बांधावर खाली बसलो. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मनात दुःख आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे की 'पत्ता घ्या' म्हणून मीच सांगितलं होतं. त्या फोनला आता दीड महिना झाला. हळद वाळली, पॉलिश होऊन बाजारातही गेली. ते वाक्य मात्र अजून माझ्यापाशीच आहे.

सूर्यभान खिल्लारे सर आमच्या कुरुंद्याच्या शाळेत गणित शिकवायचे. मी गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होतो. नाव भारी असलं तरी काम जखमा धुवायचं, पट्ट्या बांधायचं आणि डॉक्टर इंजेक्शन देत असताना बैलाला आवळून धरायचं. तरी गावानं मला डॉक्टर करून टाकलं होतं, आणि मीही कधी फार जोर लावून नाही म्हटलं नाही. आमची ओळख भांडणातून झाली. माझी सविता आठवीत होती. चाचणीत तिची दोन गणितं बरोबर, आणि गुण शून्य! मी दवाखान्यातल्या कपड्यांवरच शाळेत गेलो. अंगाला फिनेलचा वास, डोक्यात राख. "उत्तर बराबर हाय ना तिचं? मग शून्य काहून?" सर उठले, खुर्ची पुढं केली आणि दोन उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवल्या. एक सविताची. दुसऱ्या मुलीचं उत्तर साफ चुकलेलं आणि तिला पाचपैकी चार. "हिनं पायऱ्या लिहिल्यात," सर म्हणाले. "शेवटाला बेरीज चुकली बिचारीची. ती उद्या सुधारंल. तुमच्या लेकीचं उत्तर बराबर हाय, पर ते कुठून आलं ते तिनं लिहिलं न्हाई. शेजारणीच्या कागदावरून आलं का आभाळातून पडलं, मला कसं कळावं?" मी तणतणत घरी आलो. रात्री जेवताना सविता ताटात बघत म्हणाली, शेजारणीच्या कागदावरून. दुसऱ्या दिवशी मी सरांना चहा पाजला. नंतर पंचवीस-तीस वर्षं आम्ही एकमेकांना चहाच पाजत राहिलो.

सरांना वाचायचा नाद होता, पण पुस्तकांचा म्हणावा तेवढा नाही. ते नियम वाचायचे. खताच्या पोत्यामागचं बारीक, औषधाच्या डबीतला घडीचा कागद, एसटीच्या खिडकीवरची सवलतींची यादी, सगळं. मी आमच्या तांड्यावरची माणसं घेऊन औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचो तेव्हा सरही गाडीत असायचे. ते बौद्ध, त्यामुळे देवळात येत नसत. बाहेर थांबायचे. मी दर्शन घेऊन येईपर्यंत चपलांच्या, गाड्यांच्या, नारळाच्या, झाडून सगळ्या पाट्या त्यांच्या वाचून झालेल्या असत. वर मला सांगायचे, "डॉक्टर, तुमी नारळ चुकीच्या खिडकीवर दिला." अशा माणसाचा कधी कधी संतापही यायचा. पण गावात कुणाला पीकविम्याचा कागद कळला नाही की तो सरांच्या ओसरीवर यायचा, आणि सर तो कागद चष्मा पुसून तीनदा वाचायचे.

पत्त्यांचं खूळ निवृत्तीनंतरचं. मनीषा त्यांच्याच घरी राहून शिकली आणि गोव्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर लागली. एका सुट्टीत ती दोन रंगीत पत्रकं घेऊन आली. पाहुणे खोलीत टाकून जातात तशी. दोन वेगवेगळ्या कॅसिनोंची होती, आणि दोन्हींत ब्लॅकजॅक या खेळाचे नियम छापलेले. खेळ म्हणजे आपल्याकडच्या एकवीसचा शहरात गेलेला भाऊ. दोन पत्ते मिळतात, लागेल तसे आणखी मागायचे, एकवीसच्या जवळ जायचं, वर गेलात की मेलात. चित्राचे दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा. समोर कॅसिनोचा वाटणारा असतो, त्याला आपलं डोकं चालवायची मुभा नाही. सतरा होईपर्यंत ओढत राहायचं, मग थांबायचं. मनीषानं ती पत्रकं गंमत म्हणून आणली होती. सरांनी ती शेजारी शेजारी ठेवली आणि तासाभरानं मला बोलावणं आलं.

"हे बघा," म्हणाले, "पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आन् चित्र आलं, तर हितं दहा लावलेल्याला पंधरा देतेत. तितं बारा. खेळ तोच, नाव तेच, टेबलाचा रंग बी तोच. एक ओळ बदलली." मी म्हटलं, तीनचाच तर फरक. सर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं माझ्या सविताच्या कागदाकडे बघितलं असेल. "तीनचा फरक, आन् तो दर वेळेला. आन् ज्या टेबलावर कमी देतेत तितं बसायला कमी लागतंय, म्हणून गर्दी तितंच. लोक नशीब बघतेत डॉक्टर, पाटी कुणी वाचत न्हाई." मग त्यांनी शंभर पानी वही काढली. पत्त्यांचे किती कॅट एकत्र पिसलेले, एक की सहा. एक्का-छक्का असे सतरा झाले तर वाटणारा थांबतो की आणखी ओढतो. पहिले पत्ते बघून डाव दुप्पट करता येतो का. एकेका नियमाला एकेक रकाना. कोणत्या टेबलावर माणूस सगळ्यात कमी हरेल, हे त्यांना काढायचं होतं. जिंकायचं टेबल नसतंच, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

त्यानंतर रोज दुपारी तीन वाजता मी त्यांच्या ओसरीवर. मध्ये पाट, पाटावर पत्ते, दोघांपुढं चिंचोके. मी वाटणारा, कारण मला डोकं चालवायची मुभा नसलेलं काम शोभतं असं सरांचं मत. एक महिना एका पत्रकाच्या नियमांनी, पुढचा महिना दुसऱ्याच्या. प्रत्येक डाव वहीत. शांतावहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, आधी कपाळाला हात लावला. "सारी जिंदगी लोकाच्या पोरायला पत्त्यापासून हाकललं आन् आता ह्ये! सकाळी बुद्धवंदना आन् दुपारी पत्ते!" सर मान वर न करता म्हणायचे, "मी खेळून न्हाई राहिलो, तपासून राहिलो." वहिनी चहा आदळायच्या, पण आदळायच्या दोन कप.

या सगळ्या नियमांत सरांचा लाडका एकच होता. काही टेबलांवर असं असतं की पहिले दोन पत्ते वाईट आले तर माणसानं अर्धे देऊन उठावं आणि उरलेले अर्धे घेऊन मोकळं व्हावं. "किती इज्जतीचा नियम हाय," असं ते म्हणायचे. आणि सगळ्यात वाईट पत्ते म्हणजे सोळा, समोर वाटणाऱ्याचं चित्र. पत्ता घ्यावा तर एकवीसच्या वर जायची भीती, थांबावं तर समोरचा पुढं जाणार. "दोन्हीकडून हार. पर घेतलं तर केसाएवढी कमी," सर सांगायचे. मला ते कधी पटलं नाही. मी असतो तर सोळावर गप बसलो असतो. मी तसं म्हणालो की ते वही उघडून आकडे दाखवायचे आणि मी चिंचोके मोजल्यासारखं करायचो.

वर्षभरानं मनीषानं दोघांना, म्हणजे काका-काकूंना, गोव्याला बोलावलं. सर म्हणाले, वाटणारा बरोबर पाहिजे, म्हणून मीही गेलो. कॅसिनो म्हणजे नदीत उभं केलेलं जहाज होतं. दारातच फोन काढून घेतला आणि प्रवेशासोबत जेवण आणि खेळायच्या थोड्या चकत्या दिल्या. माझ्या चकत्या मी पहिल्या दिसलेल्या टेबलावर पाच मिनिटांत घालवल्या. नंतर कळलं, ते बारावालं टेबल होतं. सर बसले नाहीत. हात मागं बांधून, शाळेत परीक्षेच्या वेळी फिरायचे तसे, एकेका टेबलामागं उभे राहून कापडावर छापलेलं वाचत राहिले. एका टेबलापाशी मात्र त्यांनी माझा दंड घट्ट धरला. एका खेळणाऱ्याचे अठरा झाले होते, वाटणाऱ्याचेही अठरा. वाटणाऱ्यानं टेबलावर हळूच हात थोपटला आणि चकत्या होत्या तिथंच राहू दिल्या. "डॉक्टर," सर कुजबुजले, "त्यानं उचलल्या न्हाईत!"

आमच्याकडं एकवीसमध्ये बरोबरी झाली की डाव वाटणाऱ्याचा. तो वाटणाऱ्याचा मान. लहानपणापासून दोघांनी तसंच खेळलेलं, कुणी तांड्यावर, कुणी गावात. त्यामुळे ते कुठं लिहिलंय का, हे शोधायचं नियम वाचणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. पत्रकावर होतं की नाही कोण जाणे, असेल तरी आमच्या डोळ्यांनी ते गाळलं. वर्षभरातली प्रत्येक बरोबरी आम्ही हार म्हणून लिहिली होती. येताना गाडीत सरांनी एकही पाटी वाचली नाही. मला वाटलं, खचले. घरी आल्यावर त्यांनी वहीच्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लाल पेनानं रेघ मारली आणि खाली गुण दिले. 'सू. खिल्लारे, १०० पैकी ०. नियम न वाचता उत्तर लिहिले.' मग माझ्याकडं बघून खदखदून हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "बरोबरीला आपले आपल्याला परत भेटतेत. अन् आपुन रोज मरून राहिलो होतो!" दुसऱ्या दिवशी तीन वाजता नवी वही.

ही नवी वही अर्ध्याच्या वर गेली नाही. पोटात दुखतं म्हणून सरांनी आधी हिंगोलीत दाखवलं आणि तिथून नांदेडला पाठवलं. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आलेला निघाला. ऑपरेशन केलं तर वयानं आणि हृदयानं धोका. नाही केलं तर फुगा फुटायचा धोका, आज, उद्या, का वर्षानं, सांगता येत नाही. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं दोन्ही बाजू कागदावर लिहून दिल्या आणि म्हणाला, जवळपास सारखंच आहे, तुम्ही ठरवा. सरांनी तो कागद किती वेळा वाचला असेल याचा हिशेब नाही.

नांदेडहून आले त्याच्या आठव्या दिवशी मी नेहमीसारखा गेलो. वहिनी मळ्यात गेल्या होत्या. सरांनी त्या दिवशी मला पत्ते वाटू दिले नाहीत. स्वतः कॅटमधून शोधून दहा आणि छक्का काढला, आपल्यापुढं उघडा ठेवला. माझ्यापुढं राजा ठेवला. उरलेला कॅट मध्ये पालथा.

"सोळा," म्हणाले. "समोर राजा. ह्या टेबलावर अर्धे देऊन उठायची सोय न्हाई. बोला डॉक्टर."

मला कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं... मी हसण्यावारी नेऊ शकलो असतो. मी म्हणू शकलो असतो, सर, मी गुरांचा, तोही डॉक्टर नव्हे. तीस वर्षं मी शेतकऱ्यांना 'कापून टाकू, मोकळं होईल' म्हणत आलो. बैल नंतर मला जाब विचारायला आला नाही. आणि पत्त्यांत सोळावर गप बसणारा मी, त्या दुपारी एका दमात म्हणालो, "पत्ता घ्या."

सरांनी मान हलवली. कॅटवरचा पत्ता उचलला, आणि न बघताच मधे खुपसून दिला. मी म्हटलं, बघा तरी. "निकाल बघून ठरवलं तर त्याला ठरवणं म्हणत न्हाईत," ते म्हणाले, आणि कॅट पिसून डबीत ठेवला. नंतर आम्ही चहा केला. दूध उतू गेलं. वहिनी आल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांवर ढकललं.

अंत्ययात्रेला सगळं कुरुंदा गाव लोटलं होतं. त्यांनी शून्य दिलेली पोरं आता बाप झालेली, रांगेत उभी. माणसं येऊन मला, मीच घरचा असल्यासारखं, सांगत होती, "वेळ आली व्हती, डॉक्टर. नशिबापुढं कुणाचं चाललंय?" मला त्या शब्दाचा इतका राग आला की मी एकाला तिथंच झिडकारलं. सर असते तर त्यांनी त्याला पायऱ्या विचारल्या असत्या. पण घरी आल्यावर माझ्याजवळ तरी दुसरं काय होतं? ऑपरेशन चांगलं झालं होतं, कुणी कसर ठेवली नव्हती, हृदयच थांबलं. मग चुकलं कुणाचं? मी पुन्हा पुन्हा त्या दुपारी जात होतो आणि तोंडानं दुसरं उत्तर देत होतो. थांबा म्हणत होतो. माझ्या त्या दुसऱ्या उत्तरात सर हळद बाजारात जाईपर्यंत जगत होते, आंबे येईपर्यंत जगत होते... चार-पाच आठवडे मी त्यांच्या गल्लीत पाय टाकला नाही.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मात्र जावंच लागलं. वंदना झाली, माणसं जेवून पांगली, तेव्हा वहिनींनी ती अर्धी वही माझ्यापुढं ठेवली. "भाऊ, मागचं पान तुमच्यासाठी हाय म्हणून सांगून गेले. मी वाचलं न्हाई." मी म्हटलं, घरी नेतो. वहिनी म्हणाल्या, "न्हाई. हितंच वाचा. हितं बसून त्यायला सांगितलं तुमी, मला ठावं हाय. हितंच वाचा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

पान ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं होतं. सरांचं सरळ अक्षर, मधे पट्टीनं ओढलेली रेघ. डाव्या बाजूला 'टेबल एक : ऑपरेशन.' उजव्या बाजूला 'टेबल दोन : तसेच राहणे.' दोन्हींखाली नियम, कॅसिनोच्या रकान्यांसारखेच. टेबल एकखाली, 'निकाल लवकर. मला कळणार नाही.' टेबल दोनखाली, 'निकाल कधीही. शांता घरात एकटी असताना सुद्धा.' त्याखाली, 'फरक केसाएवढा. राठोडला विचारले. उत्तर : पत्ता.' आणि सगळ्यात खाली लाल पेनानं गुण.

'राठोड, १०० पैकी ९०. निकालाचा गुणांशी संबंध नाही. पायऱ्या लिहिल्या नाहीत, १० वजा.'

मी हसलो. वहिनी आतून बघायला आल्या इतक्या मोठ्यानं हसलो, आणि मग मला ते थांबवता येईना, आणि ते हसणं राहिलं नाही. मरायला निघालेला माणूस माझे दहा गुण कापून गेला! नव्वद घेऊन मी काय करू? नव्वदचा मला उपयोग नाही. माझं मन पहिल्या दिवसापासून त्या दहाशीच भांडत होतं, फक्त त्याचं नाव मला माहीत नव्हतं. सर सगळं जगून गेले आणि एका गोष्टीत मला बरोबर पकडून गेले. उत्तर मी दिलं होतं, ते कुठून आलं ते सांगितलं नव्हतं.

आता मी रोज तीन वाजता पुन्हा जातो. वहिनी चहा देतात, आदळत नाहीत. गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडून सरांचं पेन मागून घेतलं, निळं, आणि ती वही पाटावर उघडली. गुणांच्या खाली जागा होती. तिथं मी पायऱ्या लिहिल्या.

पायरी पहिली. सर, डॉक्टरनं फुगा कधीही फुटेल म्हटलं, त्या दिवसापासून तुमच्या दाराशी येताना आतून तुमच्या खोकल्याचा आवाज येतो का, हे ऐकत मी बाहेर थांबायचो. पायरी दुसरी. असं रोज थांबणं मला जमलं नसतं. पायरी तिसरी. तुम्ही बरे झाला असता तर अजून दहा वर्षं दुपारच्या तीनला मला जायला जागा राहिली असती. तुम्ही 'बोला' म्हणालात तेव्हा मी तुमचे पत्ते बघितलेच नाहीत. मी माझेच बघितले. म्हणून पत्ता.

एवढं लिहायला मला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. अक्षर वाकडं आलं, एका ठिकाणी खोडलंही. मग मी पेनाला टोपण लावलं, वही फिरवून सरांच्या बाजूला सुलट केली, आणि तपासायला म्हणून पाटावरून पलीकडे सरकवली.